तांदळातलं नाव

ते २०२० साल होतं. डिसेंबरची एकवीस तारीख, सोमवार, सकाळचे साडेदहा. काचेपलीकडच्या मुलीने समोरचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, एकावरून दुसऱ्यावर बोट नेलं आणि मान वर न करता विचारलं, "हू इज काशी?" मी खुर्चीवरून अर्धी उठले. उजवा हात वर जायला निघाला होता, शाळेत हजेरीला जातो तसा. तो मी शालीत ओढून घेतला आणि पुन्हा बसले. कुणाचं लक्ष नव्हतं. काउंटरशी भक्ती आणि संदेश उभे होते, दोघांची पाठ माझ्याकडे. संदेशने लग्नातलाच शर्ट घातला होता. भक्ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती. त्या दोन कागदांतला एक म्हणजे तिच्या पासपोर्टची प्रत, त्यावर नाव होतं भक्ती दत्ताराम मांडवकर. दुसरा तीन आठवड्यांपूर्वीच्या लग्नाचा दाखला. त्यावर नाव होतं काशी संदेश शिगवण. मुलीने पुन्हा विचारलं, आता जरा चढ्या आवाजात, की ही जर भक्ती, तर या माणसाची बायको काशी कुठे आहे? संदेशने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. बहारीनच्या त्या व्हिसा कचेरीत एसी इतका वाढवलेला होता की माझे दात वाजत होते, आणि तरी मास्कच्या आत ओठावर घाम आला होता. काशी मी होते. म्हणजे एकावन्न वर्षांपूर्वीपर्यंत होते.

साताऱ्याला माझे वडील पोस्टमास्तर होते. माझ्या जन्माआधी महिनाभर आजी गेली, म्हणून तिचंच नाव मला ठेवलं. मला ते कधी आवडलं नाही. वर्गात मुली काशीबाई, काशीबाई म्हणून चिडवायच्या, कमरेत वाकून काठी टेकल्यासारखं चालून दाखवायच्या. १९६९ साली लग्न झालं तेव्हा सासरच्यांनी ताटात तांदूळ पसरले आणि चंद्रशेखरनी अंगठीने त्यात 'इरावती' लिहिलं. मला केवढा आनंद झाला! साता जन्मांचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. सासरे म्हणाले, "सूनबाई, काल गाव होतीस, आज नदी झालीस." सगळे हसले, मीही हसले. चार वर्षांनी बँकेच्या नोकरीवर चंद्रशेखर बहारीनला आले, त्याच्या पुढच्या वर्षी मी आले. इथे मी इरावहिनी झाले, मग मिसेस चंद्रशेखर, मग जयेशची आई. माहेरी गेले की मात्र दारातूनच कुणी तरी ओरडायचं, "काशी आली गं!" आई होती तोवर ती, मग वडील, मग एकटा भाऊ. तो फोनवर "काशे, जेवलीस का?" असं विचारायचा, इकडे दुपारचे चार वाजलेले असले तरी. २०११ साली तो गेला. त्यानंतर पहिल्यांदा ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं ते त्या काचेपलीकडून, आणि तेही आरोप केल्यासारखं. आरोपच होता तो. फक्त चुकीच्या माणसावर केला गेला.

भक्ती आमच्याकडे आली ती मसूदाच्या घरातून. तेव्हा आम्ही बुदैयाला राहत होतो, हायवेच्या आतल्या बाजूला, खजुराच्या एका बागेला लागून. शेजारी मसूदा नावाची बहारिनी म्हातारी होती, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, मधुमेहाने एक पाय गुडघ्याखाली कापलेला. तिच्या मुलांनी तिला सांभाळायला राजापूरकडची ही मुलगी व्हिसा काढून आणली होती. सत्तावीस वर्षांची, काळीसावळी, दंडाने भक्कम. मसूदाला ती एकटी उचलून खुर्चीत ठेवायची. सकाळी कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, ब्रेड घ्यायला यायची तेव्हा मला बघून पहिल्या दिवशी म्हणाली, "काकी, तुमी मराठी? बरं झालं बाई. तीन म्हयने झाले, माजी जीभ गंजली." मसूदाशी ती मराठीत बोलायची, मसूदा तिच्याशी अरबीत, आणि दोघींचं कशावरून तरी रोज भांडण व्हायचं. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं: "मफी, साखर नाय, खलास! डॉक्टर माझ्या नावानं बोंब मारतोय." मग मसूदाचं हसणं, खोकल्यात संपणारं. २०१५ साली चंद्रशेखर गेले. बाराव्या दिवशी मसूदा भक्तीला व्हीलचेअर ढकलायला लावून आमच्या दारात आली, तिने माझा हात हातात घेतला आणि तासभर तशीच बसून राहिली. भक्ती मागे उभी होती. मध्येच ती आत गेली आणि न विचारता आमची भांडी घासून आली.

पुढच्या वर्षी मसूदा गेली. मुलांनी घर विकायला काढलं. थोरला भला माणूस होता, भक्तीला म्हणाला, तिकीट देतो, व्हिसा संपायच्या आत घरी जा. ती माझ्याकडे आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. "घरी जाऊन काय करू, काकी? बापाला वाटतंय मी हितं नर्स हाय. गेलं की पुन्हा कोण धाडतोय?" त्या दिवशी मी काय म्हणायला हवं होतं ते मला आता नीट माहीत आहे. जा, म्हणायला हवं होतं. तिकीट मिळतंय, कागद साफ आहेत, सरळ जा आणि सरळ दुसरा व्हिसा काढून ये. पण घरात मी एकटी होते. जयेश आणि त्याची बायको सुनीता मला अमवाजला, समुद्रात भर घालून केलेल्या बेटावरच्या त्यांच्या फ्लॅटवर न्यायची घाई करत होते आणि मला बुदैया सोडवत नव्हतं. संध्याकाळी बागेतून पाणी सोडल्याचा आवाज यायचा, तेवढीच सोबत. मी म्हणाले, "राहा थोडे दिवस. बघू." त्या 'बघू'मध्ये चार वर्षं गेली. तिचा व्हिसा संपला आणि तिने माझ्यापाशीही तो विषय काढणं सोडलं. जिदहफ्सला दोघी-तिघींबरोबर एका खोलीत राहायची, चार घरी तासांवर काम करायची. मी अमवाजला आले तशी ती आठवड्यातून तीन दिवस तिकडे येऊ लागली. जयेशला ते अजिबात पसंत नव्हतं. "आई, ती ओव्हरस्टे आहे. सापडली तर आपणही अडकू." मी म्हणायचे, "अरे, माणूस आहे ती, चोरीचा माल नाही." मला तेव्हा हे उत्तर फार चांगलं वाटायचं. आता वाटतं, त्याचं म्हणणं तिच्याही भल्याचं होतं, आणि मला फक्त माझ्या त्या मराठी वाक्याचा अभिमान होता.

त्या वर्षी करोनामुळे सगळं ठप्प झालं आणि त्यातच सरकारने मुदत जाहीर केली. ज्यांचे कागद संपलेत त्यांनी वर्षअखेरपर्यंत एक तर दंडाशिवाय देशाबाहेर जावं, नाही तर इथेच कागद रीतसर करून घ्यावेत. जयेशच्या ऑफिसचा राजन नावाचा एक मंदूब होता, म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. केरळचा, सतत घाईत. मी त्याला घरी बोलावलं. त्याने चहाला हात न लावता बोटं मोजली. "आंटी, नंबर वन, फ्री में बाहर. टिकट लो, जाओ, बाद में वापस आ सकती. नंबर टू, नया स्पॉन्सर. कौन देगा अभी, करोना में? नंबर थ्री..." इथे तो भक्तीकडे बघून हसला, "शादी. हजबंड का पगार चाहिए, हजबंड का फ्लॅट चाहिए, सर्टिफिकेट चाहिए. है कोई?" भक्ती पदराचं टोक पिळत स्वयंपाकघरात पळाली आणि मला कळलं की आहे.

संदेश शिगवण. संगमेश्वरचा, अडतीस वर्षांचा, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत नुकताच सुपरवायझर झालेला. आमच्याच इमारतीची लिफ्ट एकदा अडकली होती, भक्ती आत होती, आणि पाऊण तास तो वरून तिच्याशी बोलत राहिला होता. त्याने तिला विचारलं होतं, कुठली गो तू? मग म्हणे दोघांनी मिळून राजापूर ते संगमेश्वर सगळे एसटीचे थांबे म्हणून काढले. ती सांगायची, "काकी, त्याचा चेहरा मी मागनं बघितला. आदी नुसता आवाज." मी त्याला बोलावून घेतलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला. म्हणाला, "मला हिच्याशी लग्न कागदासाठी नाय करायचं, काकी. लग्नासाठीच करायचंय. कागद झाला तर देव पावला." राजनने सांगितलं, पगार बसतो, फ्लॅट मिळेल, फक्त लवकर करा. पण संगमेश्वरहून त्याची आई फोनवर म्हणाली, चातुर्मासात माझ्या घरचं लग्न होणार नाही, तुळशीचं लग्न लागू दे. मीही म्हणाले, बरोबर आहे. नोव्हेंबरच्या एकोणतीस तारखेला आमच्या हॉलमध्ये लग्न लागलं.

मोजून नऊ माणसं. खिडकीबाहेर अमवाजचं ते बांधलेलं पाणी, त्याला ना भरती ना ओहोटी. बाळाजी भटजी म्हणून आले. ते गोदामात स्टोअरकीपर होते, सुट्टीच्या दिवशी मराठी घरांतून सत्यनारायण, बारशी, वास्तुशांत करायचे. लग्नाच्या दाखल्यासाठी लागणारे देवळाचे छापील फॉर्मही त्यांच्याकडेच असत. मंगलाष्टकं झाली, सप्तपदी झाली, आणि मी ताट आणलं. सुनीता माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, हे कशाला? आजकाल कोण नाव बदलतं? तिचे सगळे कागद भक्तीच्या नावावर आहेत." मी म्हणाले, "अगं, ताटातलं नाव ताटातच राहतं. हौस आहे नुसती." श्रेया, माझी नात, मोबाइलवर शूटिंग करत होती. ती म्हणाली, "आजी, बट शी हॅज अ नेम." मी तिला दटावलं. ताटात बासमती पसरला होता, कारण घरात दुसरा तांदूळ नव्हता, आणि त्या लांब दाण्यांत अक्षर धड उमटेना. संदेशच्या हातात अंगठी दिली. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "काय लिहू, काकी? तुमीच सांगा. तुमी आईच्या जागी." मी आधी ठरवलं नव्हतं. देवाशपथ सांगते, क्षणभर आधीपर्यंत माझ्या मनात दुसरीच दोन-तीन नावं होती, चांगली, आजच्या मुलींना शोभतील अशी. तोंडातून आलं, "काशी." भक्ती डोकं खाली घालून हसली. "अगो बाई, म्हातारीचं नाव!" सगळे हसले. संदेशने 'का' काढला, तो मोडला, पुन्हा काढला. मी त्याच्या बोटाकडे बघत होते आणि माझ्या छातीत काही तरी हलत होतं, जुन्या कपाटाचा खण पुष्कळ दिवसांनी ओढावा तसं. त्या घरात माझा मुलगा, माझी सून, माझी नात होती, माझी साडी, माझा चष्मा, माझ्या गोळ्या होत्या. मी कुठेच नव्हते. मला वाटलं, निदान ही राहील. कुणी तरी आतून हाक मारेल, काशी, चहा झाला का? आणि मी ती हाक ऐकत बसेन, न उठता.

मग बाळाजी जेवणाआधी फॉर्म घेऊन बसले. सतरंजीवर मी, माझ्या शेजारी भक्ती, मुंडावळ्या अजून कपाळाला. संदेश बूट शोधायला बाहेर गेला होता, पाहुण्यांपैकी कुणी तरी ते लपवले होते. बाळाजींनी विचारलं, "वधूचं नाव?" आणि मी म्हणाले, "सौभाग्यवती काशी संदेश शिगवण." ते लिहू लागले. त्यांनी पासपोर्ट मागितला नाही, कारण मी सांगत होते. सगळा मराठी बहारीन मला ओळखतो, सेहेचाळीस वर्षांची मी इथली. त्यांनी एकदा चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं होतं, हे मला आठवतं. तेव्हा मला वाटलं, नाव जुनं म्हणून पाहतायत. दोन साक्षीदारांनी वाचायच्या भानगडीत न पडता सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी देवळात शिक्का बसला, आठवड्याने आपल्या वकिलातीत, मग इथल्या सरकारी कचेरीत. प्रत्येक शिक्क्याबरोबर ते नाव अधिक खरं होत गेलं. कागद संदेशच्या बॅगेत असायचा. तो मराठी शाळेत नववीपर्यंत शिकलेला, इंग्रजीत आपलं नाव आणि आडनाव बरोबर आहे एवढं त्याने पाहिलं. पुढे सगळे म्हणाले, बाळाजींनी घोळ घातला. जयेश म्हणाला, "त्या माणसाला साधा फॉर्म भरता येत नाही!" सुनीताने फक्त माझ्याकडे पाहिलं, कारण ती फॉर्मच्या वेळी आत पुऱ्या तळत होती, तिला नक्की माहीत नव्हतं. आणि बाळाजींना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "माझ्या हातून लिहिलं गेलं खरं." एवढंच. माझ्या हातून लिहिलं गेलं. ते खोटंही नव्हतं. फोन स्पीकरवर होता आणि मी समोर बसून शेंगा सोलत होते.

काउंटरवरच्या त्या मुलीने कागद परत सरकवले. वाईट नव्हती ती, जयेशच्या पाठची एखादी मुलगी मला असती तर तेवढ्या वयाची. मी तिच्याजवळ गेले, माझ्या मोडक्या अरबीत सांगितलं की आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. तिने डोळे बारीक केले. "वडिलांचं?" वडिलांचं, आडनावही, आणि तिचं स्वतःचंही. "स्वतःचंही?" तिने भक्तीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, जरा कीव होती. म्हणाली, दोन्ही नावांची बाई एकच आहे असं तुमच्या वकिलातीकडून लिहून आणा, मग मी घेते. देवळात गेलो, तर त्यांनी दुसऱ्या नावाचा नवा दाखला द्यायला नकार दिला. म्हणाले, एकदा शिक्के बसलेत, आता दुसरा दिला तर विचारतील, पहिली बायको कोण? मग वकिलातीत प्रतिज्ञापत्रासाठी वेळ घ्यायची, तर करोनामुळे दिवसाला मोजकीच माणसं घेत होते. राजनने धडपडून मिळवलेली तारीख होती तीन जानेवारी. मुदत एकतीस डिसेंबरला संपत होती.

तेवीस तारखेला संदेश संध्याकाळी आला, कामाच्या कपड्यांतच, हाताला ग्रीस. तो बसला नाही. "काकी, मुंबईचं तिकीट मिळतंय एकोणतीसचं. भक्तीला धाडतो. दंड नाय, बंदी नाय. आईकडं राहील. तिकडनं कागद नीट करून सहा महिन्यांत आणतो परत." भक्ती त्याच्या मागे उभी होती. तिचा चेहरा रडून सुजला होता, पण ती तयार होती, हे मला दिसत होतं. ती एकदा तयार झाली की मसूदालाही उचलायची. संदेशने मला विचारायची गरजच नव्हती. पण आमच्या माणसांत असंच असतं, ठरवलेली गोष्टसुद्धा वडीलधाऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायची. मी 'जा' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "लग्नाला महिना नाही झाला, आणि तिला एकटीला धाडतोस? तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. मुदत वाढवतातच रे. दर वेळी वाढवतात. मी सेहेचाळीस वर्षं बघतेय इथे." सुनीता म्हणाली, "आई, नाही वाढवली तर?" मी म्हणाले, "इंशाल्ला वाढवतील." संदेशचा चेहरा सैल झाला. त्यालाही तेच ऐकायचं होतं, नवा नवरा होता तो. पण मी ते त्याच्यासाठी म्हटलं नव्हतं. ती गेली असती तर माझी चूक तिच्याबरोबर विमानात बसून सगळ्यांसमोरून गेली असती. मला ती तीन तारखेला एका शिक्क्याने पुसून हवी होती, कुणाला न कळता. आणि सोमवार, बुधवार, शनिवार सकाळी साडेआठला दार वाजायला हवं होतं. यातलं कुठलं कारण मोठं, हे मी पाच वर्षं चाचपतेय. कधी एक हाताला लागतं, कधी दुसरं.

मुदत वाढली नाही. तीन जानेवारीला प्रतिज्ञापत्र झालं, सुंदर झालं, त्यावर भक्ती आणि काशी एकच असल्याचं इंग्रजीत खणखणीत लिहिलं होतं. चार तारखेला त्याच काचेसमोर त्याच मुलीने ते वाचलं, ठीक आहे म्हणून मान हलवली, मग तारीख पाहिली. "खलास," ती म्हणाली, हळू आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं. राजन बाहेर आल्यावर गाडीच्या टपावर हात आपटून म्हणाला, "आंटी, फोर डेज! ओन्ली फोर डेज! मैं बोला था ना, नंबर वन इज ऑल्सो देअर!" भक्तीने त्यालाच समजावलं, "जाऊ दे ओ राजनभाई." तिला हिंदीत भाई आणि मराठीत ओ असं मिसळून बोलायची सवय होती. परतताना मुहर्रकच्या पुलावर तिने काच खाली केली आणि वारा घेत बसली. समुद्र सपाट होता, मध्ये एक ड्रेजर वाळू उपसत होता, अजून कुठलं तरी बेट तयार करायला.

फेब्रुवारीत जिदहफ्सच्या बाजारात तपासणी होती. ती सुरमई घ्यायला गेली होती. पोलिसाने कार्ड मागितलं, तिने पिशवीतून लग्नाचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र काढून दिलं, प्लास्टिकमध्ये नीट घातलेलं. त्याने ते दोन्ही वाचले आणि तिला गाडीत बसवलं. मासे तिथेच राहिले, कोळ्याने संदेशला नंतर पैसे परत दिले. सतरा दिवस ती आत होती, मग तिथूनच तिला विमानात बसवून भारतात परत धाडलं. जयेश आणि संदेश कपडे घेऊन भेटायला गेले. जयेश, ज्याला ती घरात यायला नको होती, तो तीनदा गेला. मी गेले नाही. माझे गुडघे दुखत होते, आणि ते खरोखरच दुखत होते. सुनीताने डबा भरला तेव्हा मी त्याबरोबर लिंबाच्या लोणच्याची बाटली दिली, भक्तीला आवडतं म्हणून, आणि ती आत नेऊ देत नाहीत म्हणून परत आली. सप्टेंबरपर्यंत ती बाटली फ्रिजमध्ये तशीच होती. मग कुणी तरी टाकली.

राजन त्याच वर्षी नोकरी सोडून त्रिचूरला गेला. तिथे मोबाइलचं दुकान आहे, दर नवीन वर्षाला मला फुलांचं चित्र पाठवतो. बाळाजींना त्या प्रकरणानंतर कुणी बोलावलं नाही. लोक म्हणायचे, हे मंत्र बरोबर म्हणतात, पण कागद बिघडवतात. दोन वर्षांनी ते कराडला परत गेले. जायच्या आधी भेटायला आले, मी त्यांना नमस्कार केला, त्यांनी आशीर्वाद दिला. त्या दोन मिनिटांत मला बोलता आलं असतं. गेल्या मार्चमध्ये ते वारले, हे मला इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कळलं. खाली बावीस जणांनी हात जोडले होते, मीही जोडले. श्रेया मँचेस्टरला शिकते. जयेश आणि सुनीता पुढच्या वर्षी पुण्याला जायचं म्हणतात, म्हणजे मीही जाईन. संदेश अजून इथेच आहे, जिदहफ्सला एका खोलीत, आता आणखी दोघांबरोबर. भक्तीवर किती वर्षांची बंदी आहे हे आम्हाला कधी नीट कळलं नाही, राजनने वाचलं ते वेगळं आणि कचेरीत सांगितलं ते वेगळं. दोनदा अर्ज केला, दोनदा परत आला. संदेश वर्षातून महिनाभर घरी जातो. त्यांना मुलगा झाला, स्वरूप. बापाजवळ जायला तो पहिले आठ-दहा दिवस घेतो, तोवर रजा संपत येते. इथली नोकरी सोडून ये असं भक्ती म्हणत नाही, आणि तिने म्हटल्याशिवाय तो सोडणार नाही.

भक्ती संगमेश्वरला सासूला सांभाळते. सासूला अर्धांगवायू झाला आहे, तिलाही ती एकटीच उचलते. तिकडे तिला सगळे भक्तीच म्हणतात. मला ती सणावाराला फोन करते. या दिवाळीत केला तेव्हा घरात कुणी नव्हतं, आणि मी शहात्तर वर्षांची आहे, कधी तरी बोलायलाच हवं होतं. म्हणाले, "भक्ती, फॉर्मवर ते नाव बाळाजींनी नाही घातलं. मी सांगितलं होतं." ती म्हणाली, "ठाव हाय मला, काकी. मी बाजूलाच बसलेली ना." मागे पोराचं रडणं चालू होतं, तिने त्याला काही तरी दटावलं. मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललीस, बाई?" तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरोखरच आठवून सांगायचं होतं.

"मला वाटलेलं, पासपोर्टात दुसरं हाय म्हणून सांगावं. पन म्हटलं, काकी इतकी वर्सं हितं आहेत. त्यांना ठाव असल."